फ्लेवोनॉइड एकटं येत नाही

वनस्पतीतून हृदयाचं औषध मिळू शकतं का, हा प्रश्न परळमध्ये निदान एकदा तरी सुटलेला आहे. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिल्या आणि काय घडलं ते १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापलं. सर्पगंधा या देशाला नवी नव्हती. वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते आणि कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच रक्तदाबावरचा तिचा परिणाम लिहून ठेवला होता. वकिलांनी त्यात भर घातली ती शिस्तीची. कोणाला किती मात्रा दिली, रक्तदाब आधी किती होता आणि नंतर किती झाला, त्रास कोणाला आणि कसला झाला, हे सगळं त्यांनी जगातल्या कुठल्याही डॉक्टरला पडताळून पाहता येईल अशा रीतीनं मांडलं. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तसं पडताळूनही पाहिलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिननं काही रुग्णांना नैराश्य येतं हेही पुढे कळलं, आणि आज ते क्वचितच दिलं जातं. पण गुण आणि दोष दोन्ही कळले ते एकाच पद्धतीनं, म्हणजे मोजून.

या यशानं आपल्या मनात एक अपेक्षा रुजवली. गुणकारी वनस्पतीत एक जोरकस रेणू दडलेला असतो, तो शोधून काढला, गोळीत भरला की काम झालं, अशी ती अपेक्षा. सर्पगंधेच्या बाबतीत ती खरी ठरली. आज हृदयासाठी ज्या वनस्पतिजन्य द्रव्यांची सर्वांत जास्त चर्चा होते, त्या फ्लेवोनॉइड्सच्या बाबतीत मात्र ती खरी ठरत नाही. दादर स्टेशनच्या बाहेर औषधांच्या दुकानात ग्रीन टीच्या अर्काच्या, द्राक्षबियांच्या अर्काच्या, क्वेरसेटिनच्या कॅप्सूल मिळतात. तिथून पाच मिनिटांवर भाजी मार्केटमध्ये हीच द्रव्यं कांद्यात, जांभळात, शेवग्याच्या पाल्यात पडून असतात. दोन्हींकडे रेणू एकच असला तरी हृदयाच्या दृष्टीनं ती एकच वस्तू नाही. फ्लेवोनॉइड शरीरात कधी एकटं येत नाही. ते कशात मिसळून येतं, कशाबरोबर येतं, कोणाच्या पोटात येतं, यावर त्याचं सगळं मोल ठरतं. या प्रकरणात मला हेच पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी फ्लेवोनॉइड म्हणजे काय ते पाहू. दोन बेंझिन वलयं आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन, असा १५ कार्बनांचा सांगाडा ज्यांना असतो ते हे रेणू. त्या सांगाड्यावर कुठे ऑक्सिजन बसला, कुठे साखरेचा रेणू चिकटला, यानुसार त्यांचे ६,०००हून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. या रसायनाशी मुंबईचा संबंध जुना आहे. परळपासून मध्य रेल्वेनं दोन स्टेशनं पुढे गेलं की माटुंगा. तिथे आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावानं ओळखली जाणारी संस्था आहे. ती मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, म्हणून १९३३ साली सुरू झाली. तिचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन. फ्लेवोन हा फ्लेवोनॉइड्सचा एक प्रमुख गट प्रयोगशाळेत तयार करण्याच्या ज्या अभिक्रियेला जगभरचे विद्यार्थी ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणून ओळखतात, त्यातले वेंकटरामन हेच. तो शोध त्यांनी मुंबईत येण्यापूर्वी लाहोरला असताना लावला, आणि पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही संचालक झाले. ज्या रेणूंना आज आरोग्याच्या जाहिरातींत नवलाईची वस्तू म्हणून मिरवलं जातं, त्यांची रचना या शहरातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्यांना पाठ होती.

फळाफुलांच्या रंगांशी फ्लेवोनॉइड्सचा संबंध आहे खरा, पण रंग बघून ओळखायला जाल तर फसाल. कोकम, जांभूळ, काळी द्राक्षं, वांग्याची साल यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या फ्लेवोनॉइडचा. होळीला पळसाच्या फुलांपासून केशरी रंग काढतात, तोही फ्लेवोनॉइड्सचाच. मात्र लाल माठ शिजवताना पातेल्यात उतरणारा रंग आणि बिटाचा रंग ही बीटालेन नावाची वेगळीच द्रव्यं आहेत. हळदीतलं कर्क्युमिन या कुळाचं दूरचं नातेवाईक म्हणता येईल, पण फ्लेवोनॉइड नव्हे. उलट कांद्यातलं क्वेरसेटिन आणि चहाच्या पानातली कॅटेचिन्स डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. अलिबागचा पांढरा कांदा गोडीसाठी नावाजलेला आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, आणि दादर-गिरगावात त्याच्या वेण्या हौसेनं घेतल्या जातात. पण पांढऱ्या कांद्यात क्वेरसेटिन फारच कमी असतं. ते असतं लाल कांद्यात, आणि तिथेही सर्वांत जास्त बाहेरच्या पापुद्र्यांत, म्हणजे आपण सोलताना सालीबरोबर ओरबाडून टाकतो त्या थरांत. मोसंबीचं हेस्पेरिडिनही रसापेक्षा आतल्या पांढऱ्या चोथ्यात जास्त. रसवाला तो चोथा फेकून देतो.

हे रेणू हृदयासाठी नेमकं काय करतात? अनेक वर्षं याचं उत्तर ‘अँटिऑक्सिडंट’ या एका शब्दात दिलं जायचं. शरीरातले अपायकारक ऑक्सिजनयुक्त कण ही द्रव्यं टिपून घेतात, अशी कल्पना. परीक्षानळीत तसं होतंही. पण जेवणानंतर रक्तात फ्लेवोनॉइड्सचं प्रमाण इतकं नगण्य असतं, आणि रक्तातल्या युरिक ॲसिडची व क जीवनसत्त्वाची तीच क्षमता त्यापुढे इतकी मोठी असते, की हे स्पष्टीकरण टिकलं नाही. शिवाय खाल्लेल्या फ्लेवोनॉइड्सपैकी मोठा भाग लहान आतड्यात शोषलाच जात नाही. तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतो, ते त्याचे तुकडे करतात, आणि रक्तात फिरतात ते बऱ्याच अंशी हे तुकडे. प्रत्येकाच्या आतड्यातले जिवाणू वेगळे, म्हणून एकाच जेवणातून दोन माणसांना मिळणारी द्रव्यंही वेगळी.

आता जे स्पष्टीकरण अधिक भक्कम वाटतं ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी निगडित आहे. रोहिणीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. हा थर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतो आणि रोहिणी सैलावते. या वायूचं काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ सालचं नोबेल मिळालं. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळीही याच मार्गानं काम करते. अस्तराची प्रकृती तपासण्याची रीत साधी आहे. दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग एकदम सोडायचं, आणि रोहिणी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजायचं. निरोगी अस्तराची रोहिणी चांगली रुंदावते. धूम्रपान करणाऱ्याची, मधुमेह्याची, हृदयविकार जडलेल्याची तेवढी रुंदावत नाही. बॉस्टनमध्ये हृदयविकाराच्या रुग्णांना चार आठवडे काळा चहा दिल्यावर हे रुंदावणं सुधारलं, आणि हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. कोकोच्या फ्लेवोनॉइड्सनी असंच केल्याचे प्रयोग आहेत. तेव्हा या द्रव्यांना गुण नाही असं म्हणणाऱ्याला हा पुरावा बाजूला सारता येणार नाही. पण चार आठवडे रोहिणी रुंदावणं आणि वीस वर्षांनी झटका टळणं यांत फार मोठं अंतर आहे.

ते अंतर ओलांडायचा प्रयत्न करणारे दोन अभ्यास मला या विषयात सर्वांत बोलके वाटतात, कारण दोन्ही मायकेल हेर्टोग या एकाच डच संशोधकाच्या नावावर आहेत आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. पहिला नेदरलँड्समधल्या झुटफेन गावचा, १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांचा आहार नोंदवून पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यांना मिळणाऱ्या फ्लेवोनॉइड्सपैकी ६१ टक्के चहातून, १३ टक्के कांद्यातून आणि १० टक्के सफरचंदांतून येत होती. सर्वांत कमी फ्लेवोनॉइड्स घेणाऱ्यांच्या मानानं सर्वांत जास्त घेणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका निम्म्याहून कमी आढळला. फ्लेवोनॉइड्सची जगभरची कीर्ती इथून सुरू झाली. चार वर्षांनी, १९९७ साली, वेल्समधल्या केअरफिली या कामगारवस्तीच्या भागातल्या सुमारे १,९०० पुरुषांचा अभ्यास आला. तिथेही फ्लेवोनॉइड्स मुख्यतः चहातूनच येत होती. पण संरक्षण दिसलं नाही. भरपूर चहा पिणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू उलट किंचित जास्तच होते.

चहा तोच, रेणू तेच. मग फरक कशाचा? झुटफेनमध्ये चहा जास्त पिणारे लोक शिकलेले, बऱ्या परिस्थितीतले, बेतानं खाणारे होते. केअरफिलीत चहा हे अंगमेहनत करणाऱ्यांचं पेय होतं, आणि चहा जास्त पिणारेच सिगारेट जास्त ओढत होते, चरबीही जास्त खात होते. दोन गावांत चहाची संगत वेगळी होती. हे वाचताना लालबाग-परळचा माणूस केअरफिली लगेच ओळखेल. गिरणीत पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या हातात कटिंग चहा असायचा, आणि दुसऱ्या हातात विडी. भूक मारायला चहा, झोप उडवायला चहा, आणि त्यात दोन-तीन चमचे साखर. या बेटावरच्या शहराच्या मतदारयाद्या घेऊन १९९१ पासून झालेल्या ‘मुंबई कोहॉर्ट स्टडी’त ९९,५७० माणसांच्या तंबाखूच्या सवयी नोंदवून त्यांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट आणि विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट निघाला. विडी सौम्य असते हा समज त्या आकड्यांनी खोडून काढला. आता कोणी गिरणगावातल्या जुन्या कामगारांचा चहा मोजला असता आणि हृदयविकार मोजला असता, तर चहानं हृदय बिघडतं असाच निष्कर्ष हाती आला असता, आणि तो चुकीचा ठरला असता. तसंच मलबार हिलवर साखर न घालता ग्रीन टी पिणाऱ्यांचा अभ्यास केला असता, तर ग्रीन टीनं आयुष्य वाढतं असं दिसलं असतं. तेही तितकंच अपुरं ठरलं असतं.

चहाच्या संगतीतलं दूध हा आपल्याकडे वेगळा प्रश्न आहे, कारण आपला चहा दुधातच उकळतो. २००७ साली बर्लिनच्या शारिते रुग्णालयात १६ निरोगी स्त्रियांना एकदा कोरा दार्जिलिंग चहा आणि एकदा दूध घातलेला चहा दिला. कोऱ्या चहानं रोहिणी रुंदावली, दुधाच्या चहानं नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅटेचिन्सना धरून ठेवतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांना २००५ साली दुधामुळे चहाचा अँटिऑक्सिडंट परिणाम कमी झाल्याचं आढळलं नव्हतं. दोन्ही अभ्यास छोटे आहेत आणि दोघांनी मोजलेल्या गोष्टीही वेगळ्या आहेत, त्यामुळे दुधाचा चहा कुचकामी असा निकाल मी देणार नाही. माझ्या मते आपल्या चहाचा खरा प्रश्न दुधापेक्षा साखरेचा आहे. दिवसाला चार-पाच वेळा चहा घेणाऱ्या माणसाच्या पोटात चहाच्या निमित्तानं जी साखर जाते, तिचा हिशेब फ्लेवोनॉइड्सच्या हिशेबापेक्षा मोठा आहे.

कोकणातून गिरगाव-लालबागच्या चाळींत आलेल्या स्वयंपाकाला हीच फूटपट्टी लावू. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमसूल पाण्यात भिजत घातलं की गडद लाल उतरतं ते अँथोसायनिन. नारळाचं दूध घातलं की आंबटपणा कमी होतो आणि तोच रंग गुलाबी-जांभळा होतो. सोलकढीच्या वाटीत घडणारा हा बदल म्हणजे रसायनाच्या प्रयोगशाळेतलं आम्लतेचं प्रात्यक्षिकच. म्हणजे फ्लेवोनॉइड्सच्या बाजूनं कोकम भरभक्कम आहे. पण आगळ, म्हणजे कोकमाचा रस, टिकवलेलं असतं मिठात, आणि आमसुलं करतानाही साली मीठ घातलेल्या रसात पुन:पुन्हा भिजवून वाळवतात. उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे येणारं अमृत कोकम साखरेच्या पाकात मुरलेलं असतं. रक्तदाबाच्या माणसानं कोकम हृदयाला चांगलं म्हणून रोज आगळाचं सरबत प्यायलं, तर अँथोसायनिनबरोबर मिठाचाही रतीब सुरू होतो, आणि मिठाचा रक्तदाबावरचा परिणाम कोकमाच्या कुठल्याही परिणामापेक्षा जास्त पक्का ठाऊक आहे. माशाच्या कालवणात दोन-चार आमसुलं, जेवणात बिनसाखरेची सोलकढी, वरचं मीठ बेतानं, असं कोकम खाल्लं तर त्याची संगत चांगली. पदार्थ कसा टिकवला आणि कसा खाल्ला हे पाहिल्याशिवाय त्याला हृदयाचा मित्र म्हणता येत नाही.

इथे कोणीही म्हणेल की मग मीठ-साखर-विडीची ही सगळी वाईट संगतच काढून टाका, शुद्ध फ्लेवोनॉइड कॅप्सूलमध्ये भरा आणि द्या. आक्षेप रास्त आहे, आणि तो तपासून झालेला आहे. कॉस्मॉस नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत २१,४४२ वयस्कर माणसांपैकी अर्ध्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लेवनॉल्सच्या कॅप्सूल आणि अर्ध्यांना हुबेहूब दिसणाऱ्या कोऱ्या कॅप्सूल दिल्या. सरासरी साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ हे चाललं. २०२२ साली निकाल आला. हृदयविकार, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून १० टक्के कमी झाल्या, पण एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, त्यामुळे चाचणीचा मुख्य दावा सिद्ध झाला नाही. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू मात्र २७ टक्के कमी निघाले, आणि ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. चाचणीला चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचा पैसा होता. तरीही मुख्य निकाल निर्णायक नाही हे संशोधकांनी स्पष्ट लिहिलं, हे त्यांच्या बाजूचं आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकादमीच्या तज्ज्ञांनी रोज ४०० ते ६०० मिलिग्रॅम फ्लेवन-३-ऑल्स, म्हणजे चहा-कोकोत असतात त्या गटातली फ्लेवोनॉइड्स, घ्यावीत अशी शिफारस केली. त्यांनीच बजावलं की ही शिफारस अन्नासाठी आहे, गोळ्यांसाठी नाही.

गोळी अन्नापेक्षा कमी का पडते, याचं एक उत्तर कांद्यात सापडतं. नेदरलँड्समधल्या पीटर होल्मन यांनी १९९५ साली दाखवलं की कांद्यातलं क्वेरसेटिन ५२ टक्के शोषलं जातं, तर शुद्ध क्वेरसेटिन २४ टक्के आणि रुटिनच्या रूपातलं, म्हणजे वेगळ्या शर्करेला जोडलेलं, १७ टक्के. कांद्यात ते ग्लुकोजच्या रेणूला जोडलेलं असतं आणि आतड्याला त्याच रूपात ते पेलतं. म्हणजे इथे संगत कामी येते. शुद्ध करताना आपण नेमकी उपयोगाची जोडणीच तोडून टाकतो. फ्लेवोनॉइडचं औषध होऊच शकत नाही, असं मात्र नाही. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिनच्या गोळ्या मूळव्याधीवर आणि पायांच्या नीला फुगण्यावर डॉक्टर देतात. तिथे दावा मर्यादित आहे आणि तपासलेला आहे. ‘हृदय मजबूत करतं’ हा दावा इतका सैल आहे की तो तपासताच येत नाही.

आता अर्जुनाकडे येऊ, कारण मराठी घरात हृदय म्हटलं की हेच झाड आठवतं. ‘चक्रदत्त’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथानं हृद्रोगात अर्जुनाची साल दुधात उकळून द्यायला सांगितली आहे. सालीत आर्जुनोन, आर्जुनोलोन, ल्युटिओलिन ही फ्लेवोनॉइड्स आहेत, टॅनिन्स आहेत आणि अर्जुनोलिक आम्लासारखी वेगळ्या कुळातली द्रव्यंही आहेत. इंदूरच्या डॉ. आशिष भराणी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हृदय अतिशय दुबळं झालेल्या १२ रुग्णांना सालीचा अर्क आणि कोरी गोळी आलटून-पालटून दिली, तेव्हा अर्काच्या काळात प्रकृती लक्षणीय सुधारली. १२ माणसांवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, पण पुढे तपासायला तेवढं पुरेसं आहे. दिल्लीच्या एम्समध्ये हृदय दुबळं झालेल्या १०० रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली आणि २०१६ साली तिचा निकाल आला. हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता वाढली नाही. काही रुग्णांना चालताना बरं वाटलं, लक्षणं हलकी झाली, एवढंच. अर्जुन टाकाऊ ठरला असा याचा अर्थ नाही. नेहमीच्या औषधांना तो पर्याय नाही, एवढं मात्र या निकालावरून म्हणता येतं. आणि हाच अर्जुन अर्जुनारिष्टाच्या बाटलीत येतो तेव्हा त्याच्याबरोबर मनुका, मोहाची फुलं, धायटी, गूळ आणि आंबवताना तयार झालेलं मद्य येतं. मधुमेह असलेल्या हृदयरुग्णानं ही संगत लक्षात घ्यायला हवी.

‘हजार वर्षं चालत आलेल्या औषधाला चाचणी कशाला’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो विचारणारी माणसं बहुधा आजारी असतात आणि त्यांना आधार हवा असतो. परंपरेकडून आपल्याला कळतं ते कोणती वनस्पती तपासावी हे, आणि हे लहानसहान ज्ञान नव्हे. पण अर्जुनाचा क्षीरपाक घेऊन बरे झालेले लोक सांगायला उरतात, न झालेले उरत नाहीत. सर्पगंधेनं परंपरेचा मान वाढवला तो मोजणीला सामोरं जाऊनच. दुसरा आक्षेप पैशाचा. पेटंट मिळणार नसेल तर कांद्या-कोकमाच्या चाचणीवर कोण खर्च करणार? कंपन्या करणार नाहीत, हे खरं. म्हणूनच सार्वजनिक संस्थांनी तो करायचा असतो, आणि परळमध्ये तो झालेला आहे. केईएमच्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. उर्मिला थत्ते यांनी आयुर्वेदातल्या वनस्पतींना आधुनिक चाचणीची शिस्त लावली, तिथे आयुर्वेद संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांच्या अडथळ्याच्या काविळीच्या रुग्णांमध्ये गुळवेल तपासली गेली. महापालिकेच्या रुग्णालयात हे काम होऊ शकतं, एवढं त्यावरून सिद्ध होतं.

नैसर्गिक आहे तर अपाय काय होणार, हा समज मात्र धोक्याचा आहे. ग्रेपफ्रूटमधली द्रव्यं कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्यांचं शरीरातलं विघटन रोखतात आणि औषधाची रक्तातली पातळी वाढवतात. आपलं पपनस त्याच कुळातलं. रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्याच्या ताटात पालेभाजीचं प्रमाण एकाएकी वाढलं, तर त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम घटतो. ग्रीन टीच्या अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक इजीसीजी हे कॅटेचिन पोटात गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली दिला. तेवढं इजीसीजी कपाकपानं चहा पिऊन सहसा जात नाही, पण कॅप्सूलमधून सहज जातं.

मग इतक्या थोड्या फायद्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असंही कोणी विचारेल. डेन्मार्कमध्ये ५६,०४८ माणसांवर २३ वर्षं लक्ष ठेवलेल्या अभ्यासात फ्लेवोनॉइड्स जास्त घेणाऱ्यांचे मृत्यू कमी आढळले, आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅमनंतर हा फायदा वाढेनासा झाला. म्हणजे फार लागत नाहीत, पण रोज लागतात. दक्षिण आशियाई माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत तो जवळपास ५९व्या वर्षी, असं ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासातल्या निरोगी दक्षिण आशियाई लोकांपैकी रोज फळं-भाज्या खाणारे २६.५ टक्के होते, इतरत्र ४५.२ टक्के. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या प्रदेशाला हा आकडा शोभत नाही. बटाटा, भात आणि साबुदाणा यांना भाजीपाला म्हणता येत नाही. दादरला पावसाळ्यात वसई-पालघरकडच्या बायका टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला घेऊन बसतात. त्या पाल्यातलं क्वेरसेटिन आयात केलेल्या ब्लूबेरीपुढे कमी पडत नाही, आणि त्याच्याबरोबर तंतू, पोटॅशियम आणि फोलेट येतं. ही संगत कुठलीही कॅप्सूल देऊ शकत नाही. गिरणगावातल्या खानावळीचं ताट आठवा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात ज्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणलं, त्यांच्या डब्यात उसळ, आमटी, कांदा आणि पालेभाजी रोज असायची. मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी, लाल कांद्याची कोशिंबीर, हे सगळं आजही परवडण्याजोगं आहे, पण त्याची जागा वडापाव आणि गोड चहानं घेतली आहे.

एक चाचणी मात्र मुंबईनं करायला हवी, आणि ती इथेच होऊ शकते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या कोकमाच्या जाती दिल्या आहेत. माटुंग्याच्या संस्थेला त्यातून बिनमिठाचा, बिनसाखरेचा, ठरावीक अँथोसायनिन असलेला अर्क काढता येईल. रक्तदाबाचे रुग्ण केईएममध्ये रोज येतात, वरळीला पोदार आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि या सगळ्या संस्था काही किलोमीटरांच्या आत आहेत. अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना त्याच रंगाचं आणि त्याच आंबटपणाचं पाणी, सगळ्यांची नेहमीची औषधं चालू, दंडाला पट्टा, सोनोग्राफीचं यंत्र आणि सहा महिने, एवढं त्याला पुरेल. महापालिकेनं अशा चाचणीसाठी निधी द्यावा. आणि ती जाहीर झाली तर वाचकांनी नाव नोंदवावं. तोवर आपली रोजची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि पुढच्या तपासणीला जाताना घरी घेत असलेलं चूर्ण, काढा किंवा कॅप्सूल बरोबर नेऊन डॉक्टरांना दाखवा.